कोणाचीच नसलेली जमीन : नायजेरियाची राजधानी आणि एकात्मतेचा हिशेब

एखाद्या जमिनीविषयी 'ही कोणाचीच नाही' असे केव्हा म्हटले जाते? ती खरोखर निर्मनुष्य असते तेव्हा फार क्वचित. बहुतेक वेळा तिच्यावर माणसे राहत असतात, पेरत असतात, आपली मढी पुरत असतात. फक्त ती माणसे मोजण्याच्या लायकीची वाटत नाहीत. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला 'रिकामी जमीन' हा शब्द भेटला की त्याने तिथे थांबावे, आणि हा शब्द कोणाच्या तोंडून आला आहे हे आधी विचारावे.

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या देशाने ३ फेब्रुवारी १९७६ रोजी आपली राजधानी लेगॉस या बंदराच्या शहरातून उचलून देशाच्या मध्यभागी नेण्याचा निर्णय जाहीर केला. कारण सांगितले राष्ट्रीय एकात्मतेचे. जागा अशी निवडली की देशातल्या तीन बलाढ्य लोकसमूहांपैकी एकालाही तिच्यावर मालकी सांगता येऊ नये. इंग्रजी बोलणारे लोक तिला 'नो मॅन्स लँड' म्हणू लागले. या एका शब्दप्रयोगाचा पाठपुरावा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्यावर आणि चळवळीवर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविषयीही आपल्याला माहिती आहे. पण जिथे राज्यकर्ताही काळा आणि बुलडोझरपुढे उभा असलेलाही काळा, त्या आफ्रिकेकडे आपण फारसे पाहिले नाही. तिथे शत्रू ओळखणे सोपे नसते. आणि आपला प्रश्न तर असाच, न ओळखू येणाऱ्या शत्रूचा आहे.

नायजेरिया हे नावही तिथल्या माणसांनी ठेवलेले नाही. फ्लोरा शॉ या इंग्रज पत्रकर्तीने १८९७ साली ते सुचवले. पुढे तिने ज्याच्याशी लग्न केले त्या फ्रेडरिक लुगार्डने १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रदेश जोडून एक वसाहत केली. या जोडणीमागे कोणतेही उदात्त स्वप्न नव्हते. उत्तरेचा कारभार तोट्यात चालत होता आणि दक्षिणेच्या बंदरांत जकातीचा पैसा येत होता. दोन्ही खाती एक केली की लंडनच्या तिजोरीवरचा भार हलका होणार होता. जोडले खरे, पण मिसळू दिले नाही. उत्तरेत अमीरांमार्फत राज्य चालले आणि मिशनऱ्यांच्या शाळांना आडकाठी राहिली. दक्षिणेत शाळा वाढल्या. परिणाम असा की उत्तरेतल्या रेल्वेत, टपालात, व्यापारी पेढ्यांत कारकून लागला की तो दक्षिणेतून यायचा.

हा कारकून राहणार कुठे? या प्रश्नाच्या उत्तरात नायजेरियाच्या नगररचनेचा सगळा पाया आहे. १९११ साली रेल्वे कानो या तटबंदीच्या जुन्या शहराला पोचली. दक्षिणेकडून आलेल्या परक्यांना तटाच्या आत जागा नव्हती. त्यांच्यासाठी बाहेर वेगळी वस्ती आखली गेली. तिचे नाव सबोन गारी; हौसा भाषेत याचा अर्थ 'नवे गाव'. उत्तरेतल्याच पण कानोच्या नसलेल्या लोकांची वस्ती आणखी वेगळी. आणि गोऱ्यांची अर्थातच सर्वांहून वेगळी. लुगार्डच्या काळात ठरलेल्या नियमानुसार युरोपियन वस्ती आणि स्थानिकांची वस्ती यांच्यामध्ये ४४० यार्डांचा, म्हणजे पाव मैलाचा मोकळा पट्टा ठेवायचा होता. कारण डासांचे आणि आगीचे दाखवले जाई. घरगडी मात्र पट्टा ओलांडून साहेबाच्या आवारात राहिलेला चालत असे. त्याच्या अंगावरचा डास बहुधा चावत नसावा.

गोऱ्यांच्या या वस्त्यांना 'युरोपियन रिझर्व्हेशन एरिया' म्हणत. साहेब गेला, तिथे काळा अधिकारी आला, आणि पाटी बदलून 'गव्हर्नमेंट रिझर्व्हेशन एरिया' झाली. नायजेरियातल्या कित्येक शहरांत हे नाव आजही चालते आणि तिथे घर असणे प्रतिष्ठेचे मानले जाते. राखीव जागा म्हटले की आपल्याकडे ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हा शब्द तिथे कोणी कोणासाठी वापरला, हे एकदा पाहायला हरकत नाही.

लेगॉसचीही गोष्ट अशीच. १८६१ साली इंग्रजांनी ते घेतले. १९२० नंतरच्या वर्षांत प्लेग आला आणि १९२८ साली शहर सुधारण्यासाठी मंडळ स्थापन झाले, जसे मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आले होते. साम्राज्य एकच, औषधही एकच. रोग उंदरापासून येतो हे कळले तरी पाडली जातात ती माणसांची घरे. स्वातंत्र्य जवळ आले तसे राजधानी देखणी दिसली पाहिजे म्हणून १९५५ पासून मध्य लेगॉसमधल्या दाट वस्त्या पाडून लोकांना सुरुलेरे या दूरच्या भागात हलवण्याची योजना हाती घेतली गेली. पीटर मॅरिस या समाजशास्त्रज्ञाने त्या कुटुंबांचा अभ्यास केला आहे. घर नवे मिळाले, पण बाजारातले गिऱ्हाईक तुटले, थोरल्या आईबापांचा शेजार तुटला, बसभाडे वाढले. जुन्या जागी परत येणे बहुतेकांच्या खिशाला झेपणारे नव्हते. १ ऑक्टोबर १९६० रोजी जे स्वातंत्र्य आले ते या रिकाम्या केलेल्या जागांवरून आले.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाचे तीन विभाग होते. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो. प्रत्येक विभागात एका समूहाचे बहुमत आणि त्या बहुमताच्या टाचेखाली डझनावारी लहान समूह. त्यात उत्तर विभाग एवढा मोठा की देशाचा सुमारे तीन चतुर्थांश प्रदेश आणि निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्यात मावलेली. लहान समूहांनी तक्रार केली तेव्हा इंग्रजांनी १९५७ साली विलिंक आयोग नेमला. आयोगाने १९५८ साली सांगितले की यांची भीती खरी आहे. परंतु नवी राज्ये नकोत, घटनेत मूलभूत हक्क लिहिले म्हणजे पुरे. भीती खरी आणि उपाय कागदी!

याच सुमारास, १९५५ साली, बाबासाहेबांचे 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. नायजेरिया त्यांच्यासमोर नव्हता. पण त्यांनी मांडलेली चिंता जणू तिथलीच वाटावी अशी आहे. एखादे राज्य इतरांना झाकून टाकील एवढे मोठे असेल तर संघराज्य टिकत नाही. राज्यात एकाच समूहाचे कायमचे बहुमत असेल तर लहान समूहाला न्याय मिळत नाही. म्हणून राज्ये लहान असावीत. हिंदुस्थानला दक्षिणेत दुसरी राजधानी असावी आणि ती हैदराबाद असावी, असेही त्यांनी त्याच पुस्तकात सुचवले, कारण दक्षिणेच्या माणसाला दिल्ली दूरची आणि परकी वाटते. राजधानीची जागा हा केवळ सोयीचा प्रश्न नसून सत्तेच्या वाटणीचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. नायजेरियाने ते ओळखले, पण मोठी किंमत मोजल्यावर.

ती किंमत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १५ जानेवारी १९६६ रोजी पहिला लष्करी उठाव झाला. उठाव करणाऱ्यांत इग्बो अधिकारी जास्त, मारल्या गेलेल्यांत उत्तरेचे पुढारी जास्त. मेमध्ये नव्या लष्करी राजवटीने संघराज्य मोडून एकसंध राज्याचा हुकूम काढला. एकात्मता हुकुमाने आणण्याचा तो पहिला प्रयत्न. उत्तरेत दंगली पेटल्या. जुलैत दुसरा उठाव, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या शहरांत इग्बोंची कत्तल. इथे सबोन गारी पुन्हा आठवावी. मारेकऱ्यांना पत्ता विचारत फिरावे लागले नाही. परके कुठे राहतात हे अर्ध्या शतकापूर्वीच नकाशात आखून ठेवलेले होते. वेगळी वस्ती म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

२७ मे १९६७ रोजी जनरल गोवॉन यांनी चार विभाग मोडून बारा राज्ये केली. ३० मे रोजी पूर्वेने बियाफ्रा या नावाने स्वातंत्र्य पुकारले. युद्ध १५ जानेवारी १९७० ला संपले. मेलेल्यांचा आकडा दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगितला जातो. त्यांतले बहुसंख्य भुकेने मेले. 'कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही' अशी घोषणा झाली. पण बँकेत कितीही पैसे असोत, बियाफ्राच्या चलनात व्यवहार केलेल्या इग्बो खातेदाराच्या हातावर वीस पौंड ठेवले गेले. आणि पोर्ट हारकोर्ट या तेलाच्या शहरात इग्बोंची घरे 'सोडून दिलेली मालमत्ता' ठरली. जीव घेऊन पळाला तो घर 'सोडून गेला'! यातली कडू गोष्ट अशी की ही घरे ज्या राज्यात गेली ते नदीमुखाकडच्या लहान समूहांचे राज्य होते, ज्यांना कालपर्यंत इग्बो बहुमताची भीती वाटत होती. दबलेल्याला राज्य मिळाले म्हणजे न्याय आपोआप येतो, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. मला स्वतःला तो पुष्कळ दिवस झोंबत राहिला.

या पार्श्वभूमीवर नवी राजधानी आली. तिची टिंगल करणे सोपे आहे. मी करणार नाही. दहा लाख माणसे गमावलेल्या देशाला सर्वांना आपली वाटेल अशी एक जागा हवी होती. लेगॉस योरुबांच्या प्रदेशात, एका कोपऱ्यात, पाण्याने वेढलेले आणि चोंदलेले. १९७५ साली सरकारी खात्यांनी मिळून सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवले. बंदराला त्यातला लहानसा हिस्साच वर्षभरात उतरवता येणार होता. शेकडो जहाजे समुद्रात ताटकळत राहिली, सिमेंट जागच्या जागी गोठले, आणि ताटकळण्याचा दंड देशाने भरला. तेलाचा पैसा आणि राज्यकारभाराची अक्कल यांचा संबंध असतोच असे नाही.

जुलै १९७५ मध्ये गोवॉन यांना हटवून मुर्तला मोहम्मद सत्तेवर आले. त्यांनी न्यायमूर्ती अकिनोला अगुडा यांच्या अध्यक्षतेखाली राजधानीच्या प्रश्नावर समिती नेमली. समितीने डिसेंबरात अहवाल दिला, फेब्रुवारीत निर्णय आला. त्याच भाषणात राज्ये बारांची एकोणीस झाली. दहाच दिवसांनी, १३ फेब्रुवारी १९७६ रोजी, मुर्तला कचेरीकडे निघाले असता लेगॉसच्या गर्दीत त्यांची मोटार अडकली आणि बंडखोर सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. ज्या शहराच्या कोंडीतून राजधानी सोडवायची त्यांनी ठरवले होते, त्याच कोंडीत ते मेले.

आता त्या 'कोणाचीच नसलेल्या' जमिनीकडे येऊ. नायजर, प्लॅटो आणि क्वारा या राज्यांतून मिळून सुमारे आठ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश केंद्र सरकारने घेतला. आबुजा हे नाव तिथल्या एका जुन्या गावाचे होते; ते नव्या राजधानीने घेतले आणि जुने गाव सुलेजा झाले. जमिनीबरोबर नावही गेले. या प्रदेशात मुख्यतः राहत होते ग्बाग्यी लोक. हौसा भाषिक त्यांना ग्वारी म्हणत आणि दप्तरातही तेच नाव चढले. ते स्वतःला ग्बाग्यी म्हणवतात. दुसऱ्याने दिलेले नाव आणि स्वतः घेतलेले नाव यांतला फरक आपल्या वाचकांना मी काय सांगावा! हे लोक शेती करणारे, आणि त्यांच्या बायका मडकी घडवण्यात निष्णात. ते ओझे डोक्यावर घेत नाहीत, खांद्यावर घेतात. डोके हा शरीराचा मानाचा भाग, त्यावर भार टाकू नये, असे ते मानतात. आफ्रिकेतल्या बाजारात खांद्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचे भांडे घेऊन चाललेली बाई दिसली की ती ग्बाग्यी, हे दुरून ओळखू येते.

लोकसंख्या विरळ आहे, सर्वांना प्रदेशाबाहेर नेऊन वसवू, मोबदला देऊ, असे सुरुवातीचे धोरण होते. प्रत्यक्ष मोजदाद केली तेव्हा माणसे अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाली. मोबदल्याचा आकडा फुगला, तसे १९७८ च्या सुमारास धोरण बदलले: शहर जिथे उभे राहणार तिथल्यांनाच हलवायचे, बाकीच्यांनी हवे तर राहावे. ही दया नव्हती, काटकसर होती. त्याच वर्षी मार्चमध्ये देशभर जमिनीचा नवा कायदा आला. सरकारने जमीन घेतली तर मोबदला घराचा, पिकाचा, झाडाचा; नुसत्या जमिनीचा नाही. आंब्याचे झाड मोजले जाते. ज्या मातीत ते उभे आहे आणि ज्या मातीत आजा पुरला आहे, ती मोजत नाहीत. राजधानीच्या प्रदेशात तर सगळ्या जमिनीची मालकी घटनेनेच केंद्र सरकारकडे ठेवली.

काही गावे कुब्वासारख्या ठिकाणी हलली, काही प्रदेशाबाहेर गेली, काही तशीच अडकून राहिली. माइतामा, वुसे, गार्की, आसोकोरो ही त्या मुलखातल्या गावांची नावे. आज ती राजधानीच्या महागड्या विभागांची नावे आहेत. माइतामात वकिलाती आहेत, आसोकोरोत मंत्री राहतात. नाव राहिले, नावाचा धनी उठला.

अमेरिकन कंपन्यांच्या एका गटाने १९७९ साली शहराचा आराखडा दिला; मध्यवर्ती भागाची रचना जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी केली. आसो या भव्य खडकाच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष, संसद आणि सर्वोच्च न्यायालय. मशीद आणि चर्च शहराच्या मध्यात, एकमेकांना दिसतील असे. कागदावर एकात्मता सुबक दिसते. लोकसंख्या कमाल तीस लाखांच्या थोडी वर जाईल असे धरले होते. या हिशेबात कारकून होता, अधिकारी होता, खासदार होता. शहर बांधणाऱ्या गवंड्याला, विटा वाहणारीला, मोटार हाकणाऱ्याला, भाजी विकणारीला पुरेसे छप्पर मात्र नव्हते. मजुरांच्या छावणीतून न्यान्या वाढले; कारू, म्पापे अशा वस्त्या कडेने फुगल्या. पहाटे बसगाड्या भरभरून आत, रात्री बाहेर. लुगार्डचा पट्टा ४४० यार्डांचा होता. नव्या राजधानीने तो मैलोगणती वाढवला, आणि डासांचे कारणही द्यावे लागले नाही. आराखडा हे एकच कारण पुरले.

१२ डिसेंबर १९९१ रोजी जनरल बाबांगिडा यांच्या राजवटीत राजधानी रीतसर हलली. आराखड्याची पायमल्ली झाली म्हणून २००३ ते २००७ या काळात तिथे नेमलेल्या मंत्र्यांनी, नासिर एल-रुफाई यांनी, अनधिकृत ठरवलेली बांधकामे सरसकट पाडली. काही बड्यांची घरेही पडली हे खरे, आणि त्याचे कौतुकही झाले. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या गृहनिर्माण हक्क संघटनांच्या अहवालाने बेघर झालेल्यांचा अंदाज आठ लाखांच्या घरात दिला. त्यांत बड्यांची घरे किती असणार?

इकडे लेगॉस सुटले असे नाही. राजधानी हलण्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९९० मध्ये, व्हिक्टोरिया आयलंड या श्रीमंत भागाला लागून असलेली मारोको ही वस्ती लेगॉस राज्याच्या लष्करी प्रशासनाने सात दिवसांची मुदत देऊन उठवली. सुमारे तीन लाख माणसे. ही जमीन समुद्रसपाटीखाली आहे, राहणे धोक्याचे आहे, असे सांगितले होते. पुढे त्याच जमिनीवर उच्चभ्रूंचे बंगले उभे राहिले. समुद्राला बहुधा भाडेकरू पाहून वर यायचे कळत असावे. लष्कर जाऊन १९९९ साली निवडून आलेली सरकारे आली, तरी ही रीत मोडली नाही. २०१६-१७ मध्ये ओटोडो ग्बामे या कोळ्यांच्या वस्तीतील सुमारे तीस हजार लोकांना न्यायालयाचा मनाई हुकूम असताना हुसकावले गेले.

एकात्मतेचा दुसरा उपाय राज्यघटनेत आला. १९७९ च्या घटनेने 'फेडरल कॅरेक्टर' हे तत्त्व आणले: सरकारात, नोकऱ्यांत कुठल्याही एका प्रदेशाचे किंवा समूहाचे वर्चस्व नसावे. राष्ट्राध्यक्षाला नुसती जास्त मते पुरत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी किमान पाव मते मिळवावी लागतात. पहिल्याच निवडणुकीत एकोणीस राज्यांचे दोन तृतीयांश म्हणजे नेमके किती, यावर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बारा पूर्णांक दोन तृतीयांश राज्य जिंकायचे कसे, यावर देशातले नामांकित वकील भांडले. गंमत सोडली तर तत्त्व चांगले आहे. त्यामुळे कुठल्याही पक्षाला केवळ आपल्या मुलखावर राज्य मिळवता येत नाही, आणि बियाफ्रानंतर तसे युद्ध पुन्हा झालेले नाही. हे श्रेय दिलेच पाहिजे.

पण हा वाटा मिळतो कोणाला? आपण त्या राज्याचे मूळ रहिवासी आहोत, असा दाखला स्थानिक सरकारकडून आणणाऱ्याला. म्हणजे वाडवडील त्या मातीतले असले पाहिजेत. तुम्ही तिथे जन्मलात, शिकलात, कर भरलात, हे पुरत नाही. दाखला नसेल तर सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, कॉलेजचा प्रवेश, सगळीकडे अडते. जॉस या कथिलाच्या खाणींभोवती वाढलेल्या शहरात हौसा मजूर विसाव्या शतकाच्या आरंभी आले. त्यांचे पणतू आजही तिथे 'उपरे' आहेत, आणि बेरोम वगैरे मूळचे समूह म्हणतात की सत्ता सोडली तर आम्हीच आमच्या घरात उपरे होऊ. दोघांची भीती खरी. सप्टेंबर २००१ मध्ये तिथे काही दिवसांत सुमारे एक हजार माणसे मेली. २००८ आणि २०१० मध्ये पुन्हा. राज्ये बारांची एकोणीस, एकविसाची तीस, शेवटी १९९६ साली छत्तीस झाली. प्रत्येक नव्या सीमेने काही लहान समूहांना घर दिले आणि काल शेजारी असलेल्याला आज परका ठरवले.

इथे एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. नोकरी लागली तेव्हा एका तालुक्याच्या गावी खोली शोधत हिंडत होतो. आडनावावरून अंदाज लागेना, तेव्हा घरमालकाने गाव विचारले. गाव सांगितले. त्यावर हसतमुखाने त्याने विचारले, 'गावात घर कुठल्या अंगाला?' मी खरे ते सांगितले, आणि ती खोली तेवढ्यात त्याच्या भाच्याला द्यायची ठरली. मूळ विचारणारा प्रश्न किती निरागस वाटू शकतो, हे तेव्हापासून मला ठाऊक आहे. तो प्रश्न घरमालकाने विचारला तर माणूस दुसरी खोली शोधतो. तोच राज्यसंस्थेने कायद्याने विचारला तर कुठे जायचे?

आणखी एक फरक मनात येतो. आपल्या राज्यघटनेतील राखीव जागांचा आधार ऐतिहासिक अन्याय हा आहे. तिथला आधार प्रदेश हा आहे. तिथे शोषिताला नव्हे, मुलखाला प्रतिनिधी मिळतो, आणि मुलखाचा प्रतिनिधी म्हणून अर्थातच मुलखातला वरचढ जातो. याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे इग्बो समाजातील ओसू. देवाला वाहिलेल्यांचे हे वंशज. देवस्थानाजवळ वेगळे राहणारे, इतरांशी ज्यांचा बेटीव्यवहार निषिद्ध. पूर्व विभागाच्या विधिमंडळाने १९५६ साली कायदा करून ही प्रथा रद्द केली. चिनुआ अचेबे यांच्या १९६० च्या 'नो लाँगर ॲट ईज' या कादंबरीत इंग्लंडहून पदवी घेऊन आलेला ओबी लेगॉससारख्या शहरात नोकरी करतो आणि ओसू घराण्यातल्या क्लारा या परिचारिकेशी लग्न करू पाहतो. त्याचे वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक. तेही मोडतात, आई तर मरणाची धमकी देते. शहर, शिक्षण, नवा धर्म, तिन्ही हरतात. लग्नाच्या बोलणीत ओसूपणाची चौकशी आजही होते. छत्तीस राज्यांच्या वाटणीत इग्बोंचा वाटा ठरतो. त्या वाट्यात ओसूचा वाटा किती, हे विचारणारे कलम घटनेत नाही.

आणि ग्बाग्यी? मूळ रहिवासी कोण, या प्रश्नाचे सर्वांत निर्विवाद उत्तर राजधानीच्या प्रदेशात त्यांच्याकडे होते. सगळ्या देशात जो निकष चालतो तो नेमका त्यांच्या दारात थांबवला गेला. त्या प्रदेशाला राज्यपाल नाही, विधानसभा नाही. राष्ट्राध्यक्षाने नेमलेला मंत्री कारभार पाहतो. देशाच्या वरिष्ठ सभागृहात एक प्रतिनिधी, कनिष्ठ सभागृहात दोन, आणि सहा स्थानिक परिषदा, एवढेच. प्रत्येक राज्यातून एक तरी मूळ रहिवासी मंत्रिमंडळात असावा असे घटना म्हणते. जानेवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने हा हक्क राजधानीच्या मूळ रहिवाशांनाही आहे असा निकाल दिला. राजधानी गेली १९९१ साली, हा निकाल आला सव्वीस वर्षांनी.

आपल्याकडे कुणी नायजेरियाहून परतणारा असेल तर त्याच्याकडे वीस नायराची नोट पाहायला मागावी. पुढच्या बाजूला मुर्तला मोहम्मद यांचे चित्र आहे. २००७ साली नवी नोट निघाली तेव्हा मागच्या बाजूला एका बाईचे चित्र आले. ती लादी क्वाली. ग्बाग्यी कुंभारीण. क्वाली गावात लहानपणी आत्याच्या हाताखाली मडकी घडवायला शिकली, पुढे जुन्या आबुजातल्या कुंभारकामाच्या केंद्रात गेली, तिच्या घड्यांची प्रदर्शने युरोप-अमेरिकेत झाली, आणि १९७७ साली अहमदू बेल्लो विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. तिचे क्वाली गाव आता राजधानीच्या प्रदेशात येते. तिथली जमीन केंद्र सरकारची आहे. नोटेवर ती चाकाशिवाय, हाताने घडा वळवते आहे.